काळाकुट्ट आणि ‘सिमसियाह’

तुर्की भाषेत ‘सियाह’ म्हणजे काळा आणि ‘सिमसियाह’ म्हणजे काळाकुट्ट. विशेषणाचा आरंभ पुन्हा उच्चारून त्याला म, प, र, स यांपैकी एक व्यंजन जोडले, की गुणाची परिसीमा व्यक्त होते. ‘मावी’ निळा, ‘मासमावी’ निळाशार. ‘तेमिझ’ स्वच्छ, ‘तेरतेमिझ’ अगदी लखलखीत. ‘किर्मिझी’, म्हणजे आपल्या ‘किरमिजी’चाच भाऊबंद, लाल आणि ‘किपकिर्मिझी’ लालभडक.

कोणते व्यंजन कुठे, याचा पक्का नियम नाही. तुर्की मुले ते घरी ऐकूनच शिकतात. आपणही काळ्याला कुट्ट, पिवळ्याला धमक असेच शिकलो. आमच्या वर्गांत मात्र आता ‘खूप काळा’, ‘खूप पिवळा’ एवढेच ऐकू येते. पालकांना विनंती, की हे जोडशब्द घरात बोलते ठेवावेत.