सुभेदाराची गलबतं ठाण्याच्या खाडीत

ऐरोली पुलावरून मुलुंडकडे येताना भरतीची वेळ असेल तर खिडकीबाहेर जरूर बघा. दोन्ही काठांना तिवरांची गर्दी आणि मधून ठाण्याच्या दिशेनं चढत जाणारं मातकट पाणी. इसवी सन ६३६ च्या सुमारास अरबस्तानातून निघालेली गलबतं याच ठाण्यावर चालून आली होती. अरब फौज भारताच्या किनाऱ्यावर आल्याची ही सगळ्यात जुनी नोंद. महंमद पैगंबरांच्या निधनाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती!

नोंद नवव्या शतकातल्या बलाधुरी या इतिहासकाराची, अगदी थोडक्या ओळींची. फौज धाडणारा होता उस्मान इब्न अबी अल्-आस, ताइफ गावचा, सकीफ कबिल्यातला. खलिफा उमर यांनी त्याला बहरीन आणि ओमानचा सुभेदार नेमलं. बहरीन म्हणजे तेव्हा नुसतं बेट नव्हे, अरबस्तानचा बराचसा पूर्व किनारा. उस्माननं भावाला बहरीनला बसवलं, स्वतः ओमान गाठलं आणि ठाण्यावर फौज सोडली. ती परतल्यावर मग मदिनेला पत्रानं कळवलं.

आधी मोहीम, मागाहून पत्र. या क्रमापाशी मी दर वेळी अडखळतो. सुभेदाराची ही हिंमत मला वाऱ्याच्या गणितातून थोडी कळते. पावसाळा सरताना नैर्ऋत्येचे वारे अरबस्तानातून आपल्याकडे आणतात, हिवाळ्यात ईशान्येचे वारे परत नेतात. ओमान ते मदिना म्हणजे वाळवंटातली कित्येक दिवसांची वाट. हुकमाची वाट बघत बसलं तर मोसम हातचा जातो.

उमर मात्र संतापले. तू लाकडावर किडे बसवून पाठवलेस, असं त्यांनी उस्मानला लिहिलं. ही माणसं बुडाली असती तर तेवढीच माणसं तुझ्या कबिल्यातून घेतली असती, हेही शपथेवर बजावलं. त्याच सुमाराला त्यांच्या फौजा यर्मूकला रोमन सैन्याशी आणि कादिसियाला इराणच्या सैन्याशी भिडत होत्या. दोन साम्राज्यांना न डरलेला हा खलिफा समुद्रावरच्या फळीला डरला! त्या समुद्रातली कितीतरी गलबतं काथ्याच्या दोरीनं शिवलेली असत, फळ्यांना खिळा म्हणून नसे. हे आठवलं की त्यांचा जीव का घाबरा झाला ते उमगतं.

त्या वेळी आपल्याकडे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी होता. त्याचा ६३४ चा ऐहोळे शिलालेख कोकणातल्या पुरीवर शेकडो नौका घेऊन केलेल्या स्वारीचा गौरव करतो. म्हणजे आपला किनाराही तेव्हा जागा होता.

आणि ठाणं आपल्याला परकं नाहीच. ठाणं, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली हे सगळं एकाच साष्टी बेटावरचं. मुलुंड बृहन्मुंबईत आलं तेच मुळी १९५७ मध्ये. त्या काळच्या दर्यावर्दी माणसाला इथला ओळखीचा पत्ता ठाणं हाच.

पुढे २९० वर्षांनी याच किनाऱ्यावर आणखी एक सुभेदार भेटतो. डहाणूजवळ चिंचणीला सापडलेल्या ९२६ च्या ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं आहे. मुहम्मदचं हे संस्कृत रूप. ताम्रपट त्याला ताजिक, म्हणजे अरब म्हणतो. पण त्याला नेमणारा खलिफा नव्हता, राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण होता. संजाण प्रांत त्याच्या हाती होता. देवीच्या मठाला त्यानं जमीन दिली, संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आणि दोन नद्यांवर त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी होड्या ठेवल्या, उतारूंकडून एक पैसाही न घेता पलीकडे नेणाऱ्या.