कंदापासून टिश्यूच्या रोपापर्यंत : रावेरच्या केळीतील दर्जा आणि दायित्व

जळगाव जिल्ह्यात, तापी नदी आणि सातपुडा यांच्यामधल्या रावेर तालुक्यात केळीचे पीक दीर्घकाळ एकाच माणसाच्या हाताखाली तयार होत असे. बागाईतदार स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बागेतले जोमदार कंद निवडून लावी, त्यामुळे लागवडीचे साहित्य, पीक आणि त्यात निघणारा दोष या तिन्हींचा धनी तोच असे. दर्जाचा प्रश्न उभा राही तो कापणीच्या दिवशी. व्यापाऱ्याचा माणूस बागेत फिरून घड पाही आणि नव्या लागवडीची ‘नवती’, आधीच्या खोडाच्या पिलावर वाढवलेली ‘पिलबाग’ आणि हलक्या प्रतीची ‘वापसी’ असे वेगवेगळे भाव लागत. बाजार समितीच्या फळ्यावर लागणारा ‘बोर्ड भाव’ हा या व्यवहाराचा आधार मानला जाई. प्रत्यक्ष सौदा मात्र बांधावर, तोंडी आणि बहुधा कागदाविना होई. १९३०च्या माल विक्री कायद्यानुसार खरेदीदाराने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल त्याला पुढे तक्रार करता येत नाही. घड डोळ्यांसमोर लोंबत असल्याने त्या काळच्या व्यवहाराला हा नियम पुरेसा होता.

१९९०च्या दशकापासून ‘ग्रँड नैन’ या वाणाची उतिसंवर्धित रोपे, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतली ‘टिश्यूची रोपे’, जिल्ह्यात पसरू लागली आणि ही व्यवस्था मुळापासून बदलली. जळगावच्या जैन इरिगेशनने या रोपांबरोबर ठिबक सिंचनाची जोड दिली. पीक लवकर आणि एकसारखे येऊ लागले, घडाचे वजन वाढले. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु त्याचबरोबर पिकाचा पहिला आणि सर्वांत नाजूक टप्पा शेताबाहेर गेला. उद्योगात एखादा सुटा भाग दुसऱ्या कारखान्याकडून करून घेतला जातो, त्याच प्रकारे शेतकरी आता रोप बाहेरून करून घेऊ लागला. ते रोपही एका ठिकाणी बनत नाही. मातृकंदातील वाढबिंदूच्या पेशी प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटल्यांमध्ये वाढवल्या जातात, त्यांची पुन्हा पुन्हा विभागणी होते, नंतर हरितगृहात प्राथमिक आणि शेडनेटखाली दुय्यम हार्डनिंग, म्हणजे रोप बाहेरच्या हवेला सरावण्याची प्रक्रिया, होते. हे टप्पे अनेकदा वेगवेगळ्या मालकांकडे असतात. बाटलीत विभागणी मर्यादेपलीकडे केली तर रोपांचे मूळ गुणधर्म बदलतात, आणि मातृकंदात विषाणू असेल तर तो हजारो रोपांत उतरतो. यातले काहीही शेतकऱ्याला रोपाकडे पाहून कळत नाही. तपासून घेतलेल्या मालाचा जुना नियम येथे लंगडा पडतो.

ही उणीव ओळखून केंद्र सरकारने १० मार्च २००६ रोजी १९६६च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचना काढली आणि जैवतंत्रज्ञान विभागाला उतिसंवर्धित रोपांची प्रमाणन संस्था नेमले. त्यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय प्रमाणन पद्धतीत उत्पादन केंद्राला मान्यता मिळते आणि रोपांच्या तुकडीची विषाणूंसाठी व वाणाच्या शुद्धतेसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी होते. केळीच्या बाबतीत पर्णगुच्छ, ब्रॅक्ट मोझॅक, स्ट्रीक आणि कुकुंबर मोझॅक हे चार विषाणू त्यात येतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण तिच्या अधिसूचनेतच एक सीमा आखलेली आहे: प्रमाणन प्रयोगशाळेच्या पातळीपर्यंतच. त्यापुढे शेडनेट, वाहतूक आणि बांध यांचा प्रवास या प्रमाणनात येत नाही. राज्यात फळरोपवाटिकांच्या परवान्याचा १९६९चा कायदा आहे. तो केला गेला तेव्हा केळीची लागवड कंदावरच चालत होती.

या सीमेची किंमत २०२०च्या पावसाळ्यात दिसली. रावेर आणि यावल तालुक्यांतील कोवळ्या बागांवर कुकुंबर मोझॅक विषाणू, ज्याला गावात सीएमव्ही किंवा ‘हरण्या’ म्हणतात, मोठ्या प्रमाणावर आला. पानांवर पिवळसर पट्टे दिसू लागले, पोंगा सडू लागला, आणि शेतकऱ्यांना लावलेली रोपे उपटून फेकावी लागली. पुढच्या हंगामांतही तो परतला. दोष कोणाचा, हा प्रश्न येथे केवळ कायद्याचा राहत नाही. हा विषाणू लागवडीच्या साहित्यातून येऊ शकतो, तसाच काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचे तण यांच्यावरून मावा किडीमार्फतही येतो, आणि मावा तो अल्पावधीत पसरवतो. रोपे विकणाऱ्याने शेताकडे बोट दाखवावे आणि शेतकऱ्याने रोपवाटिकेकडे, अशा वादात निर्णायक ठरतो तो लागवडीच्या दिवशीचा नमुना, आणि तो कोणीच ठेवलेला नसतो. हवामानाधारित फळपीक विमाही तापमान, वारा अशा मोजता येणाऱ्या निकषांवर भरपाई देतो. विषाणू त्याच्या मोजमापात बसत नाही.

नमुन्याच्या याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये, राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात, महत्त्वाचा निर्णय दिला होता. शेतकरी हा ग्राहकच आहे, बियाणे कायदा अस्तित्वात असल्याने ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही, आणि सगळे बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय बियाण्यासंबंधीचा असला, तरी त्यातला युक्तिवाद रोपांना अधिकच लागू पडतो, कारण रोप तर एकूण एक जमिनीत जाते. त्यानंतरच्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची उत्पादक व विक्रेत्यावरील जबाबदारी, स्वतंत्र प्रकरणात आणली. ते २० जुलै २०२० रोजी, म्हणजे हरण्याच्या त्याच पावसाळ्यात, अमलात आले. हक्क मिळाला, परंतु रोप सदोष होते हे दाखवण्याचा भार तक्रारदारावरच राहिला, आणि वाण, तुकडी व तारीख नोंदवलेली पक्की पावती हाती नसेल तर तक्रारीला पायाच उरत नाही.

विक्रीच्या टोकाला मात्र याच काळात कागद दाट होत गेला. केळी पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास बंदी आहे आणि इथिलीन वायूला शंभर पीपीएमपर्यंत मुभा आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची नोंद निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावावर झाली, आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडी येथील शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. अशा मालासाठी घडाला बागेतच पिशवी घातली जाते, फण्या पाण्यात धुऊन चीक काढला जातो, खोक्यात भरल्यावर माल तेरा-चौदा अंश सेल्सिअस तापमानात ठेवला जातो, कारण त्याहून थंडीत साल काळवंडते. डाग, लांबी, जाडी यांतले काहीही करारात ठरल्यापेक्षा कमी निघाले, तर खरेदीदार माल नाकारू शकतो.

निर्यातदार आपल्या खरेदीदाराकडून जे निकष लेखी स्वीकारतो, तेच फळाच्या दर्जाच्या रूपाने शेतकऱ्यावर येतात. रोपवाटिकेकडून तितक्याच नेमक्या निकषांचा लेखी करार मागण्याची पद्धत मात्र तालुक्यात अद्याप रुळलेली नाही. प्रमाणनाची सीमा दुय्यम हार्डनिंगपर्यंत वाढवणे आणि रोप सुपूर्द करताना दोन्ही बाजूंच्या सहीने प्रत्येक तुकडीतील काही रोपे नमुना म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ठेवणे, या दोन गोष्टींना नवे तंत्रज्ञान लागत नाही. गावातल्या फ्रूटसेल सोसायट्यांनी अनेक वर्षे केळीची वाहतूक आणि विक्री एकत्रितपणे केली आहे. रोपांची खरेदीही त्यांच्यामार्फत एका करारावर झाली, तर एकट्या शेतकऱ्याला न परवडणारा चाचणीचा खर्च वाटला जाईल आणि वादात त्याच्यामागे एक संस्था उभी राहील.