गोंडी अक्षरांचे संगणकावर चौकोन का होतात?

गडचिरोली आणि चंद्रपूर या वनजिल्ह्यांतील असंख्य घरांत गोंडी बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत देशभरातील गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली; तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या भाषेला स्थान नाही. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा या भाषेच्या लिखित रूपाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. महाराष्ट्रात गोंडी बहुधा देवनागरीत लिहिली जाते. मात्र तिच्या स्वतःच्या लिप्याही आहेत. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली मसराम गोंडी ही त्यांपैकी एक. दुसरी गुंजाळा गोंडी. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांवरून तिला हे नाव मिळाले.

संगणकाच्या जगात या लिप्यांना प्रवेश मिळाला तो अगदी अलीकडे. जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकात मसराम गोंडीचा समावेश जून २०१७ मध्ये, तर गुंजाळा गोंडीचा जून २०१८ मध्ये झाला. दोन्हींसाठी नोटो मालिकेतील फॉन्ट विनामूल्य मिळतात. असे असूनही जुन्या संगणकावर गोंडी मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. फॉन्ट बसवल्यावर चौकोन जातात, पण जोडाक्षरे तुटलेली राहतात. वापरणाऱ्याला वाटते, फॉन्टच सदोष आहे. दोष बहुतेक वेळा अन्यत्र असतो.

अक्षराचा क्रमांक आणि पडद्यावरची आकृती यांच्यामध्ये एक कारागीर बसलेला असतो. कोणते व्यंजन अर्धे करायचे, कोणती खूण कुठे बसवायची, हे तो ठरवतो. मसराम गोंडीत व्यंजने जोडणारे चिन्ह वेगळे आणि दिसणारा हलंत वेगळा आहे. रेफ आणि रकार यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. हे नियम माहीत नसलेला कारागीर अक्षरे नुसती एकापुढे एक मांडून ठेवतो. लिनक्सवर हे काम प्रामुख्याने हार्फबझ नावाची लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायचा तयार आज्ञावलींचा संच. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या सर्वांत हार्फबझ आहे. ‘खुले अक्षर’ अशा अर्थाच्या फारसी शब्दांवरून तिचे नाव पडले. हरफ म्हणजे अक्षर, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच.

आता कालक्रम पाहू. उबुंटू १६.०४ ही लिनक्सची आवृत्ती एप्रिल २०१६ मधील. गोंडीला क्रमांक मिळाले त्यानंतर चौदा महिन्यांनी. साहजिकच त्या आवृत्तीतील हार्फबझला गोंडीची ओळख नाही. संपूर्ण यंत्रणा अद्ययावत करणे हा सर्वांत सोपा उपाय. ते शक्य नसेल, तर लायब्ररीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, आणून ती स्वतः तयार करता येते. हार्फबझचा परवाना मुक्त असल्याने त्यास कोणाची अनुमती लागत नाही.

सोर्स कोड संगणकाला थेट कळत नाही. कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. त्याआधी एक तपासणी होते. हार्फबझच्या जुन्या आवृत्त्यांत ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा, तर नव्या आवृत्त्यांत ‘मेसन’ हे साधन संगणकावर काय आहे आणि काय नाही, याचा शोध घेते. नवखा माणूस अडतो तो इथेच. फ्रीटाइप किंवा जीलिब या लायब्ररी संगणकावर असूनही ‘सापडली नाही’ असा संदेश येतो. कारण चालवण्यासाठी लागणाऱ्या फाइली वेगळ्या आणि बांधणीसाठी लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या. दुसऱ्या प्रकारच्या फाइली ‘डेव्ह’ असे नाव जोडलेल्या स्वतंत्र पॅकेजमधून बसवाव्या लागतात. जीलिबशिवायही हार्फबझ तयार होते, पण तिची चाचणी घेणारी साधने तयार होत नाहीत. म्हणून तपासणीच्या शेवटी येणारा गोषवारा नीट वाचणे श्रेयस्कर.

येथे नवीनतम आवृत्तीचा हट्ट धरू नये. २०१६ सालच्या यंत्रणेतील मेसन इतके जुने आहे की आजची हार्फबझ त्यावर तयार होणार नाही. गोंडी ओळखणारी, परंतु ‘कॉन्फिगर’ आणि ‘मेक’ या जुन्या पद्धतीने बांधता येणारी मधली आवृत्ती अशा ठिकाणी उपयोगी पडते.

‘मेक’ किंवा ‘निंजा’ ही आज्ञा दिल्यावर प्रत्यक्ष बांधणी होते. त्यानंतर चाचण्या चालवाव्यात आणि मगच लायब्ररी बसवावी. कुठे बसवायची, हा मात्र महत्त्वाचा निर्णय. यंत्रणेच्या मूळ फाइलींवर नवी प्रत लिहिली, तर पडद्यावरील मजकूर दाखवणारे इतर प्रोग्रामही बिघडू शकतात. ‘प्रिफिक्स’ या पर्यायाने स्वतःच्या खात्यातील वेगळा फोल्डर नेमणे सुरक्षित. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही. ‘यूएसआर-लोकल’ या सामाईक जागेत बसवल्यास ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा चालवावी लागते, अन्यथा नवी लायब्ररी तेथे असल्याचे यंत्रणेला कळतच नाही. केलेले काम वाया गेल्यासारखे वाटते ते अनेकदा या एका विसरलेल्या आज्ञेमुळे.

एवढे करूनही फायरफॉक्समध्ये फरक दिसणार नाही. तो हार्फबझची स्वतःची प्रत सोबत घेऊन येतो. लिबरऑफिस त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतले असेल, तर त्याचेही तसेच. या दोहोंसाठी नवी आवृत्तीच उतरवून घ्यावी लागते. साधे मजकूर-संपादक यंत्रणेतील हार्फबझ वापरतात, पण त्यांच्याही मार्गात पँगो आणि जीलिब ही आणखी दोन ठाणी आहेत. मजकूर कोणत्या लिपीत आहे हे आधी तेथे ठरते. जीलिबमधील युनिकोडची सारणी २०१७ पूर्वीची असेल, तर गोंडी मजकूर अनोळखी लिपी म्हणून पुढे ढकलला जातो आणि नव्या हार्फबझचा काहीच उपयोग होत नाही. मग जीलिबही बांधावी लागते. एका लायब्ररीसाठी सुरू केलेले काम तीन लायब्ररींपर्यंत पोचते, ते असे.

दोष नेमका कोठे आहे, हे ओळखण्यासाठी ‘एचबी-शेप’ हे साधन आहे. त्याला फॉन्टची फाइल आणि एक गोंडी शब्द दिला की तो आकृत्यांची नावे ओळीने छापतो. ‘नॉटडेफ’ असे आले तर ती आकृती फॉन्टमध्येच नाही. अर्ध्या व्यंजनाचे नाव योग्य जागी आले तर हार्फबझचे काम बरोबर आहे आणि शोध पुढच्या ठाण्यावर घ्यायचा. प्रयोग फसलाच, तर नेमलेला फोल्डर पुसून टाकावा. संगणक पूर्वीसारखा चालू राहतो.