चुलीला अर्धी रजा

दिवाळीचे चार दिवस चकल्या, अनारसे आणि करंज्या यांच्या सहवासात काढल्यावर पुष्कळ घरांत एक प्रतिज्ञा ऐकू येते : "उद्यापासून फक्त कच्चे खायचे!" प्रतिज्ञा करणारे बहुधा गृहस्थ असतात, गाजरे किसण्याचे काम अर्थातच गृहिणीकडे येते. तिसऱ्या दिवशी पोट डब्ब होते, चौथ्या दिवशी गरम आमटीची आठवण अनावर होते, आणि सारा दोष बिचाऱ्या गाजराच्या माथी बसतो.

या वाटेने गांधीजींसारखे निग्रही पुरुषही गेले होते. १८९३ साली प्रिटोरियात त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. तो दोन आठवडेही टिकला नाही. १९२९ साली पुन्हा सुरुवात केली. या खेपेस सारे मोजूनमापून : मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, कुटलेला हिरवा पाला, लिंबे आणि मध. ऑगस्टमध्ये आमांशाने गाठले आणि शेळीच्या दुधाकडे परतावे लागले. केवळ निग्रहाने आतडे वळत नाही, हेच खरे.

आतड्यांचीही एक सवय असते. कच्च्या भाजीतला चोथा पोटात पचत नाही; मोठ्या आतड्यातले सूक्ष्म जंतू त्यावर काम करतात आणि त्यातून वायू होतो. चोथा बेताबेताने वाढवला की त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणून घाई नको.

आपल्याला तर नवे काही शिकायचेही नाही. पानाची डावी बाजू आहेच! तिथे चमचाभर असणारी कोशिंबीर वाटीभर करावी आणि पोळीच्या आधी, भूक कडकडून लागलेली असताना खावी. पहिले पंधरा दिवस एवढेच. मग न्याहारीच्या तळकट पदार्थाऐवजी पेरू, पपई, केळे. महिन्याभराने मोड आलेले मूग : आधी वाफवून, मग दोन चमचे कच्चे, लिंबू पिळून. रात्रीचे जेवण मात्र गरमच असू द्यावे. घरातली माणसे कुरकुरत नाहीत, आणि तेही पथ्याचेच एक अंग आहे.

आता थोडी कटू सत्ये. शिजवल्याने 'क' जीवनसत्त्व घटते, हे खरे. पण गाजरातला कॅरोटीन आणि टोमॅटोतला लाल रंग शिजवल्यावरच अंगी अधिक लागतो. अग्नी म्हणजे शत्रू नव्हे. राजमा तर कच्चा कधीच खाऊ नये. त्यातले विषारी द्रव्य चांगले उकळल्यावरच नाहीसे होते. चैत्रातली आंब्याची डाळ आपण कच्ची वाटून खातो, परंतु ती हळदीकुंकवाच्या चमच्याने! वाटी भरून खाणाऱ्याला दुपार जड जाते.

'बी-१२' जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते. शाकाहाऱ्यांनी दही-ताक सोडू नये. तेही सोडायचे असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. मधुमेहाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच मूत्रपिंडाच्या रोग्यांनी, त्यांना विचारल्यावाचून ताट बदलू नये.

राहिली स्वच्छता, आणि आपल्याकडे खरा धोका तिथेच आहे. टायफॉईड आणि कावीळ न धुतलेल्या पाल्यातून घरात येऊ शकतात. कोबीची वरची पाने काढून टाकावी, बाकीची सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. कोथिंबिरीची जुडी सोडून धुवावी. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची नकोच. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. तेव्हा गर्भवती, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना मूग नीट शिजवूनच द्यावे. ज्यांचे दात गेले आहेत त्यांना किसलेली काकडी दह्यात कालवून दिली की ती आवडीने खातात.

आणि दुधीचा रस पिणाऱ्यांनी आधी फोडीचा कण जिभेला लावावा. कडू लागला तर तो दुधी सरळ केरात टाकावा. पैसे वाया गेले म्हणून हळहळू नये. असा कडू रस पिऊन माणसे दगावली आहेत.