तीन हिवरखेड आणि एक निळा आकडा

अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात हिवरखेड आहे, अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात हिवरखेड आहे आणि बुलडाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातही हिवरखेड आहे. वऱ्हाडातल्या माणसाचं यात काही अडत नाही. ‘कोणतं हिवरखेड, तेल्हाऱ्याचं का?’ एवढं विचारलं की उलगडा होतो. गावोगावच्या कामांच्या संगणकावरच्या सरकारी अहवालात मात्र कोणी असं विचारत नाही. तुम्ही जिल्ह्यांच्या यादीत अकोल्यासमोरच्या निळ्या आकड्यावर क्लिक करता आणि अकोल्याचेच सात तालुके समोर येतात. तेल्हाऱ्यावर क्लिक केलं की तिथली गावं येतात. त्यातून हिवरखेड निवडलं की त्याच हिवरखेडची कामं दिसतात, मोर्शीच्या हिवरखेडचं एकही काम त्यात मिसळत नाही. हे रोजचं आहे म्हणून आपण त्याकडे बघत नाही, पण बघितलं तर थक्क व्हायला होतं.

कारण यातलं एकही पान आधी तयार करून ठेवलेलं नसतं. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि चाळीस हजारांहून अधिक गावं आहेत. प्रत्येकासाठी वेगळा अहवाल करायचा म्हटलं तर करणाऱ्याचा जन्म जाईल. प्रत्यक्षात अहवाल असतात जेमतेम चार: जिल्ह्यांचा, तालुक्यांचा, गावांचा आणि कामांचा. त्यातला प्रत्येक अहवाल म्हणजे डेटाबेसला, म्हणजे साठवलेल्या माहितीला, विचारायचा एक प्रश्न, आणि तो मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो. ‘ज्या तालुक्यांचा जिल्हा अमुक, ते दाखव.’ या ‘अमुक’च्या मोकळ्या जागेला पॅरामीटर म्हणतात. तुम्ही क्लिक करता तेव्हा पहिला अहवाल दुसऱ्याच्या हाती त्या जागेत भरायची किंमत देतो. प्रश्न पुरा होतो आणि पान त्या क्षणी जन्माला येतं.

दुसऱ्या अहवालाला तुम्ही कुठून आलात, आधी काय पाहिलंत, याचा पत्ता नसतो. त्याला कळतं ते फक्त हाती आलेल्या किमतींवरून. ‘मु. पो. हिवरखेड, ता. तेल्हारा, जि. अकोला’ एवढ्या पत्त्यावर पत्र बरोबर गावी पोचतं, तसंच हे आहे.

पण संगणकाकडे नाव पाठवणं धोक्याचं. नावं सारखी असतात, आणि कोणी ‘हिवरखेड’ लिहितं, कोणी ‘हिवरखेडे’. म्हणून पाठवायचा तो संकेतांक. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राला २७, बुलडाण्याला ५००, अकोल्याला ५०१ आणि अमरावतीला ५०३ हे क्रमांक मिळाले, तर प्रत्येक गावाला सहा आकडी स्वतंत्र क्रमांक. तिन्ही हिवरखेडांचं नाव एक, क्रमांक तीन. सारख्या नावांची हीच अडचण टपाल खात्यालाही होती. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, तो सारखी नावं आणि वेगवेगळ्या लिपींचा घोळ मिटवण्यासाठीच. त्याच्याही दोन वर्षं आधी, १९७० साली, आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडून तक्ते एकमेकांशी किमतींनीच जोडायचे, असा विचार मांडला होता. आजचे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत.

आता एक बारकावा. समजा, पहिल्या अहवालात तुम्ही एकच आर्थिक वर्ष निवडलंय आणि गावापुढे १२ कामं दिसतायत. त्या १२वर क्लिक केल्यावर मात्र खाली ९० कामांची यादी आली. डेटाबेस खोटं बोलत नसतो. गावाचा क्रमांक पुढे गेला, वर्ष मागे राहिलं, एवढंच. वरच्या पानावर लावलेली प्रत्येक अट खालच्या पानापर्यंत पोचली तरच बेरीज जुळते. दुसरी काळजी सुरक्षेची: मोकळ्या जागेत आलेला मजकूर फक्त किंमत म्हणूनच घ्यायचा, हुकूम म्हणून कधीच नाही. नाहीतर कोणी त्या जागेतून डेटाबेस पुसायचा आदेशही घुसवू शकतं.

पुढच्या वेळी असा निळा आकडा दाबलात की ब्राउझरच्या वरच्या पट्टीकडे नजर टाका. पुष्कळदा तिथे प्रश्नचिन्हानंतर जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष ओळीनं लिहिलेले सापडतात. आपल्या गावचा क्रमांक ओळखायला शिका आणि वरची बेरीज खालच्या यादीशी ताडून पाहा. जुळली नाही, तर कोणती अट वाटेत गळाली हे ग्रामसभेत ठामपणे विचारा. गावाच्या पैशाचा हिशेब आहे तो, विचारायचा हक्क तुमचाच आहे.