मूठ हाताला बेतलेली हवी

पालेमबांगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २२ ऑगस्ट २०१८ रोजी २५ मीटर पिस्तूलच्या अंतिम फेरीत कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफास्वान यांगपाईबून यांचे ३४-३४ असे समान गुण झाले. पहिल्या शूटऑफमध्येही बरोबरी सुटली नाही. दुसऱ्यात राहीने ३-२ अशी बाजी मारली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

नेमबाजीचा विषय निघाला की आपण नजर, श्वास आणि एकाग्रता यांबद्दल बोलतो. हाताबद्दल, त्यातही हात आणि पिस्तूल जिथे भेटतात त्या मुठीबद्दल, फारसे कोणी बोलत नाही. तेजस्विनी सावंत, राही आणि आता पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे आपल्या जिल्ह्यातली मुले-मुली रेंजवर जाऊ लागली आहेत. त्यांच्या पालकांना पडणारा प्रश्न साधा असतो : मूठ लाकडी बरी की प्लॅस्टिकची, गुळगुळीत बरी की खरखरीत? डॉक्टर म्हणून याचे उत्तर असे की, आधी मुठीचा आकार पाहा, मग पोत. आकार चुकला असेल तर कितीही चांगला पोत हाताला वाचवू शकत नाही.

एका मिलिमीटरची किंमत

राहीच्या प्रकारात .२२ बोअरचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरतात. एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत येते, पण प्रत्येक गोळीसाठी ट्रिगर नव्याने दाबावा लागतो. पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते. त्याचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते आणि ट्रिगरला किमान १००० ग्रॅमचा दाब लागावा, असा नियम आहे. स्पर्धेच्या जलद टप्प्यात हात खाली ठेवायचा, लक्ष्य समोर येताच उचलायचा आणि तीन सेकंदांत गोळी झाडायची. इतक्या वेळात मूठ हातात नीट बसवायला सवड नसते. ती पहिल्यापासूनच बसलेली असावी लागते.

आता थोडा हिशोब करू. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या माशीत २२ सेंटीमीटर अंतर धरा. गोळी सुटताना पुढची माशी एक मिलिमीटर जरी सरकली, तरी २५ मीटरवर गोळी सुमारे ११ सेंटीमीटर बाजूला जाते. अचूकतेच्या टप्प्यातल्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ फक्त ५ सेंटीमीटर व्यासाचे असते. म्हणजे दहावर धरलेला नेम थेट सहावर जातो. हा एक मिलिमीटर बहुतेक वेळा डोळ्यामुळे नव्हे, तर बोटांमुळे जातो.

बोटे एकमेकांना सोडत नाहीत

तर्जनी ट्रिगर दाबते, तेव्हा बाकीच्या बोटांनी स्थिर राहायचे असते. पण हाताची रचना याला सोयीची नाही. बोटे मिटवणारे मोठे स्नायू हातात नसून कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे दोऱ्या, मनगटातून बोटांपर्यंत जातात. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांचे खोलवरचे स्नायू एकमेकांशी बरेच जोडलेले असतात आणि तर्जनीही पूर्ण स्वतंत्र नसते.

घरी करून पाहा. जाड पेन शेवटच्या तीन बोटांत घट्ट आवळा आणि तर्जनी सावकाश वाकवा. पेनाचे टोक हलेल. आता पकड निम्म्याने सैल करून तेच करा. टोक बरेच स्थिर राहील. निरोगी माणसाच्या हातातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होणारा सूक्ष्म कंप असतो. स्नायू थकला, मनावर ताण आला किंवा कॉफी जास्त झाली की तो वाढतो. तो औषधाने दाबण्याची वाट खेळाडूंसाठी बंद आहे. रक्तदाब व हृदयविकारावरील बीटा-ब्लॉकर गटाची औषधे नेमबाजीत निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याने प्रोप्रॅनोलॉलमुळे रौप्य आणि कांस्य अशी दोन पदके गमावली. उरतो तो सराव आणि कमीत कमी आवळून धरता येईल अशी मूठ.

म्हणूनच स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडातून हाताच्या आकाराची कोरतात. अलीकडे तळहाताचे माप स्कॅन करून थ्री-डी प्रिंटरवरही मुठी तयार होतात. तळहाताखाली वर-खाली सरकवता येणारा आधार असतो. नेमबाज लाकडाची लुगदी लावून आणि कानस घासून ती आणखी जुळवून घेतात. मात्र मनगट मोकळे दिसले पाहिजे, मुठीने हाताला वेढा घालता कामा नये आणि तळहाताचा आधार वर वळलेला असता कामा नये, हे नियम आहेत. आधार हाताला द्यायचा, मनगटाला नाही.

खरखरीत की गुळगुळीत?

आता पोत. तळहाताला घाम येतो तो उन्हापेक्षा मनाच्या ताणामुळे जास्त. त्वचा थोडी ओलसर असेल तर पकड उलट सुधारते. अगदी कोरडी किंवा घामाने भिजलेली त्वचा घसरते. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत हा फरक लगेच जाणवतो.

चकचकीत पॉलिश केलेली मूठ ओल्या हातात निसटते. बारीक ठिपके टोचलेले लाकूड थोडा घाम सामावून घेते आणि त्वचेला फार बोचत नाही. रबरी आवरण मऊ लागते आणि हादरा थोडा कमी करते, पण ते दबते. त्यामुळे प्रत्येक वेळी हात नेमका त्याच जागी बसेलच असे नाही. प्लॅस्टिकवरचे टोकदार उंचवटे सर्वांत घट्ट धरतात. त्याची किंमत त्वचा मोजते, कारण सगळा दाब मोजक्या टोकांवर येतो. दिवसाला शंभरभर वेळा हात उचलणाऱ्या मुलाच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात आधी लाली येते, मग घट्टे पडतात. घट्टा दुखू लागला की हात नकळत पकड बदलतो आणि शिकलेला नेम बिघडतो.

.२२ च्या पिस्तुलाचा धक्का सौम्य असतो. तिथे आकार नीट असेल तर मध्यम पोत पुरतो. पोलीस किंवा सैनिक वापरतात त्या ९ एमएम पिस्तुलाचा धक्का मोठा असतो. मूठ कोणाच्याही हाताला पुरेल अशी एकसारखी बनवलेली असते, शिवाय हातमोजे, पाऊस, चिखल आहेच. तिथे खरखरीतपणाला जास्त महत्त्व येते.

शंभर वर्षांचा धडा

या साच्यातल्या पिस्तुलांचा इतिहासही हाताच्याच मापाचा आहे. अमेरिकी सैन्याचे १९११ सालचे कोल्ट पिस्तूल पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांच्या हातात नीट बसेना. १९२० च्या दशकातल्या सुधारित रूपात ट्रिगर आखूड केला, त्यामागे बोटासाठी दोन्ही बाजूंनी खोलगट जागा कोरली आणि मुठीची पाठ फुगीर केली. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये दोन रांगांत १३ गोळ्या बसवल्या, त्यामुळे मूठ रुंद झाली. आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतले ९ एमएम पिस्तूल १-ए याच घडणीचे आहे. लहान हाताच्या माणसाला अशा रुंद मुठीवरून ट्रिगरपर्यंत पोहोचण्यासाठी मनगट वळवावे लागते.

सर्वांत बोलके उदाहरण ग्लॉकचे. १९८० च्या दशकात आलेल्या या ऑस्ट्रियन पिस्तुलाच्या तिसऱ्या पिढीत मुठीच्या पुढच्या बाजूला बोटांसाठी खाचा पाडल्या. दिसायला सोय, पण सगळ्यांची बोटे सारख्या जाडीची असतात असे त्यात गृहीत धरले होते. ज्यांची बोटे खाचांच्या उंचवट्यांवर येत, त्यांची पकड उलट बिघडे. २०१० च्या चौथ्या पिढीत मुठीची पाठ बदलता येऊ लागली. ही कल्पना वॉल्थरच्या पी-९९ ने त्याआधीच आणली होती. २०१७ च्या पाचव्या पिढीत कंपनीने बोटांच्या खाचा काढूनच टाकल्या. एकच मूठ सगळ्यांना बसवण्याचा हट्ट कारखान्यानेही शेवटी सोडला.

फडातला कोयता, शेडमधला हातोडा

हा धडा पिस्तुलापुरता नाही. उसाच्या फडात कोयता चालवणारी बाई, शिरोलीच्या फाउंड्रीत हातोडा मारणारा कामगार, दिवसभर रापी धरणारा चप्पल कारागीर यांच्या हातातली मूठही अशीच न बेतलेली असते. मूठ बारीक, गुळगुळीत किंवा चुकीच्या कोनात असेल तर माणूस ती जास्त आवळून धरतो. त्या आवळण्याचा भार कोपराच्या बाहेरच्या हाडावर येतो. त्या दुखण्याला आपण टेनिस एल्बो म्हणतो, पण टेनिस न खेळलेल्यांनाच ते जास्त होते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. कंडरा सुजल्या की ती नस दबते आणि अंगठ्यापासूनच्या बोटांना रात्री मुंग्या येतात. मलमाने हे तात्पुरते शमते. मूठ तीच राहिली तर दुखणे परत येते. कोयत्याच्या किंवा हातोडीच्या मुठीवर कापडी पट्टी गुंडाळून ती साधारण ३ ते ४ सेंटीमीटर जाड केली, तर बहुतेकांना कमी आवळावे लागते. खर्च जवळपास काहीच नाही.

पकडीची ताकद मात्र टिकवायलाच हवी. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या अभ्यासात पकड दर ५ किलोने कमी असण्याशी मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त असल्याचे आढळले. नुसता चेंडू दाबून आयुष्य वाढेल, असा याचा अर्थ नाही. पकड ही साऱ्या शरीराच्या स्नायूंची खूण आहे. आशियाई तज्ज्ञगटाच्या निकषानुसार पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड ही स्नायू क्षीण होत असल्याची सूचना समजतात.

रेंजवर जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

प्रशिक्षकासमोर, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून इतके पाहा :

• नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका सरळ रेषेत येतात का? मनगट बाजूला वळत असेल तर मूठ मोठी आहे.

• तर्जनीच्या पहिल्या पेराचा गादीसारखा भाग ट्रिगरवर सहज टेकतो का? तर्जनीची बाजू मुठीला घासता कामा नये.

• पाच मिनिटे धरून ठेवल्यावर तळहातावर एकाच जागी लाल खूण उमटते का? तिथला उंचवटा घासून घ्यावा.

• मूठ वर्षातून दोनदा तपासा. मुलांचे हात वाढतात, मुठी वाढत नाहीत.

• मुंग्या, बधिरपणा किंवा दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी कोपरदुखी असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

• .२२ च्या रेंजवर कानांना संरक्षण हवेच. गोळ्यांत शिसे असते, म्हणून खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि मूठही पुसावी.

महागडे पिस्तूल घेण्याआधी आहे त्या पिस्तुलाची मूठ हाताप्रमाणे करून घ्या. तो खर्च कमी आहे आणि हाताला त्याचाच फायदा जास्त होतो.