'ताइपान' : निषिद्ध व्यापाराचे एक संगणकीय प्रतिमान

'ताइपान' हा पाळीपाळीने चालणारा व्यापारी डावपेचांचा खेळ 'अ‍ॅपल टू' या संगणकावर इ. स. १९८२ मध्ये आला. चीनच्या किनाऱ्यावरील परकीय पेढीच्या प्रमुखास 'ताइपान' म्हणत. खेळणारा त्याच भूमिकेत असतो. आरंभ १८६० मधील हाँगकाँगचा. कर्ज काढून सुरुवात केल्यास हाती थोडी रोकड, एक जहाज आणि सावकाराचा तगादा एवढेच भांडवल उरते. किरकोळ माल, शस्त्रे, रेशीम व अफू या चार वस्तू शांघाय, नागासाकी, मनिला, सिंगापूर आदी बंदरांत स्वस्त घ्यावयाच्या व महाग विकावयाच्या. प्रत्येक सफर म्हणजे एक महिना. तेवढ्यात व्याज चढते, भाव पालटतात, चाचेही गाठतात.

अफूचा भाव चौघींत सर्वांत चढा. मात्र स्थानिक अधिकारी ती जप्त करून वर दंडही करतात. निषिद्ध मालाच्या नफ्यात जोखमीचे मोल मिसळलेले असते, हे तत्त्व खेळ उत्तम रीतीने शिकवितो. तथापि ही जप्ती त्यात वादळासारखी येते. तिच्यामागे कायदा दिसत नाही, केवळ दैव दिसते.

इतिहास याहून निराळा आहे. १८५८ च्या करारान्वये चीनने दर पिकलास ३० तेल जकात घेऊन अफूची आयात मान्य केली होती. म्हणजे १८६० च्या शांघायमध्ये जकात भरलेली अफू वैध माल होती. उलट १८५८ च्याच अमेरिकेबरोबरील तहाने जपानमध्ये तिची आयात निषिद्ध ठरली. एकच पेटी एका बंदरात व्यापार, तर दुसऱ्यात गुन्हा! अवैधता वस्तूच्या अंगी नसते. ती सत्तेच्या हद्दीबरोबर बदलते.

दुसरी उणीव अधिक बोलकी आहे. खेळाच्या नकाशात कलकत्ता नाही, मुंबईही नाही. अफू जणू बंदरातच पिकते! वस्तुतः माळव्याची अफू परवाना शुल्क भरून मुंबईहून उघडपणे चीनकडे जात असे, आणि त्या शुल्काने सरकारी तिजोरी भरत असे. पुरवठ्याचे हे टोक वगळल्यामुळे खेळात व्यापारी तेवढा दोषी ठरतो आणि महसूल घेणारे राज्य दृष्टीआड होते. अशा प्रतिमानाचा अभ्यास करताना त्यात काय मांडले आहे याबरोबरच काय वगळले आहे, हेही पाहणे अगत्याचे आहे.